दुबळ्या चित्रपटाचा कर्ता कोण?

१

एखाद्या मान्यवर दिग्दर्शकाच्या समग्र कामगिरीचा आढावा घेताना समीक्षकाची लेखणी कुठे ना कुठे अडखळते. यादीत एखादा चित्रपट असा येतो की, त्याच्याविषयी काय लिहावे ते उमगत नाही. मग ‘लौकिकाला न साजेसा’, ‘व्यावसायिक तडजोडीतून जन्मलेला’, ‘प्रतिभेची ओहोटी दर्शविणारा’ अशा ठरीव शब्दांत त्याची बोळवण होते आणि लेख पुढच्या भरीव कृतीकडे वळतो. प्रस्तुत लेखात या बोळवणीचाच विचार करावयाचा आहे. चित्रपटाच्या कर्तृत्वाविषयीची आपली कल्पना अशा दुबळ्या कृतीपाशी कसाला लागते आणि तिथे ती पुरेशी उतरत नाही, असे मला वाटते.

साहित्याच्या अभ्यासकांना ही अडचण नवी नाही. एकोणिसाव्या शतकात एच. एच. विल्सन याने ‘मालविकाग्निमित्र’ कालिदासाचे असण्याविषयी शंका घेतली होती. ‘शाकुंतला’च्या कर्त्याने इतके सामान्य नाटक लिहिले असेल, हे त्याला पटत नव्हते. पुढे वेबर आदी विद्वानांनी ही शंका खोडून काढली आणि आज ते नाटक कालिदासाचेच, बहुधा त्याच्या आरंभीच्या काळातील, मानले जाते. गंमत अशी की, भास-सौमिल्लांसारख्या नामांकितांना सोडून या नव्या कवीचे नाटक का करायचे, हा प्रश्न त्याच नाटकाच्या प्रस्तावनेत उपस्थित होतो आणि नावावरून कृतीची पारख करू नये, असे उत्तर सूत्रधार देतो. ज्या नाटकाने नावाचा आधार नाकारला, त्याच नाटकाची पारख पुढे नावावरून झाली.

मिशेल फूको याने १९६९ साली ‘लेखक म्हणजे काय?’ या व्याख्यानात संत जेरोमचा जो दाखला दिला, तो याच प्रवृत्तीचा आहे. एखाद्याच्या नावावर असलेल्या अनेक ग्रंथांपैकी त्याचे नेमके कोणते, हे ठरविण्याच्या जेरोमने चार कसोट्या सांगितल्या. त्यांतील पहिली अशी की, इतरांहून निकृष्ट असलेला ग्रंथ यादीतून काढून टाकावा. फूको याचा अर्थ असा लावतो की, येथे लेखक म्हणजे मूल्याची एक स्थिर पातळी होय. जे त्या पातळीला पोहोचत नाही, ते त्याचे नव्हेच.

चित्रपटाच्या बाबतीत ही वाट बंद असते. श्रेयनामावलीत नाव असते, वृत्तपत्रांत जाहिरात आलेली असते, दिग्दर्शकाने मुलाखती दिलेल्या असतात. जेरोमप्रमाणे चित्रपट यादीतून काढून टाकता येत नाही. तेव्हा दुसरा उपाय शोधणे भाग पडते, आणि तो १९५५ साली पॅरिसमध्ये शोधला गेला.

२

फ्रान्स्वा त्र्यूफोने ‘काहिए द्यु सिनेमा’च्या फेब्रुवारी १९५५च्या अंकात झाक बेकर याच्या ‘अलीबाबा आणि चाळीस चोर’ या चित्रपटावर लेख लिहिला. बेकर हा झाँ रन्वारचा एके काळचा साहाय्यक. ‘कास्क दॉर’ (१९५२) आणि ‘तुशे पा ओ ग्रिझ्बी’ (१९५४) या चित्रपटांनी त्याचे नाव झाले होते. ‘अलीबाबा’ मात्र फर्नांदेल या लोकप्रिय विनोदी नटासाठी बेतलेला रंगीत करमणूकपट होता आणि बेकरच्या चाहत्यांनाही तो फारसा रुचला नव्हता. त्र्यूफोने हे लपविले नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा निराशा झाली, दुसऱ्यांदा कंटाळा आला आणि तिसऱ्यांदा मात्र आपण हरखून गेलो, असे त्याने सांगितले. पटकथेला नको तितके हात लागले आहेत, हेही त्याने मान्य केले. तरीसुद्धा हा एका कर्त्याचा चित्रपट आहे, असा निर्वाळा देऊन त्याने लेखाच्या शीर्षकातच ‘कर्त्यांचे धोरण’ हा शब्दप्रयोग वापरला. पुढे ‘ऑतर’ सिद्धांत म्हणून जगभर पसरलेल्या विचाराचे नामकरण असे झाले.

या सिद्धांताचे बारसे एका दुबळ्या चित्रपटाच्या बचावात झाले, ही गोष्ट सिद्धांताच्या पाठ्यपुस्तकी मांडणीत सहसा ठळकपणे येत नाही. वास्तविक ती योगायोगाची नव्हे. उत्तम चित्रपट दिग्दर्शकाचा आहे असे म्हणायला सिद्धांत लागत नाही. चित्रपट फसलेला असूनही तो कर्त्याचा आहे असे म्हणायचे असेल, तेव्हा तो लागतो. जेरोमने दुबळी कृती हद्दपार करून कर्त्याचे रक्षण केले; त्र्यूफोने ती पदरात घेऊन तेच साधले. दोन्ही वाटांनी कर्त्याच्या मूल्याची पातळी अबाधित राहिली.

या भूमिकेतील धोका सर्वांत आधी ओळखला तो त्याच नियतकालिकाच्या संपादकाने. आंद्रे बाझांचा लेख एप्रिल १९५७च्या अंकात आला. थोरांच्या नावावर खपणाऱ्या फसलेल्या गोष्टींतही लोक सौंदर्य शोधत बसतात, अशा आशयाचा टॉल्स्टॉयच्या रोजनिशीतील उतारा त्याने लेखाच्या माथ्यावर दिला होता. बाझांने केलेले विश्लेषण आजही तितकेच नेमके वाटते. कलाकृतीतील वैयक्तिक घटकाला प्रमाण मानायचे आणि तो एका चित्रपटातून दुसऱ्यात टिकतो, इतकेच नव्हे तर वाढतही जातो असे गृहीत धरायचे, हे या धोरणाचे मर्म असल्याचे त्याने दाखविले. हे गृहीतक मान्य केले की, ऑर्सन वेल्सचा ‘मिस्टर अर्काडिन’ हा ‘सिटिझन केन’पेक्षा मोठा ठरू लागतो, कारण त्यात वेल्स अधिक दिसतो. व्यक्तिपूजेचा हा धोका दाखवून बाझां शेवटी विचारतो: कर्ता, ठीक, पण कशाचा?

पुढे १९६२-६३च्या सुमारास अमेरिकेत अँड्र्यू सॅरिस आणि पॉलिन केल यांच्यात याच विषयावर गाजलेला वाद झाला. त्याच्या तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही. बाझांचा प्रश्न मात्र पुढे न्यायचा आहे, आणि त्यासाठी ज्याच्या बाबतीत ‘कर्ता’ हा शब्द सर्वांत निःशंकपणे वापरला जातो, अशा भारतीय दिग्दर्शकाकडे वळावयाचे आहे.

३

सत्यजित राय पटकथा स्वतः लिहीत. ‘तीन कन्या’पासून (१९६१) संगीत त्यांचेच असे. साठीच्या दशकाच्या मध्यापासून ते कॅमेराही स्वतः चालवू लागले. वेशभूषेची रेखाटने, श्रेयनामावलीची अक्षरे, जाहिरातींची चित्रे यांवरही त्यांचा हात फिरे. अशा दिग्दर्शकाचा दुबळा चित्रपट कोणता, याविषयी मतभेद फारसे नाहीत, कारण निवाडा स्वतः राय यांनीच दिला होता. ‘चिडियाखाना’ (१९६७) हा चित्रपट ते आपल्या सर्वांत असमाधानकारक कृतींत गणत.

या चित्रपटाचा जन्म सर्वश्रुत आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षी या सत्यान्वेषीच्या कादंबरीवर चित्रपट काढण्याचा विचार मुळात राय यांच्या साहाय्यकांचा होता. पुढे दिग्दर्शनाची जबाबदारी राय यांनीच घ्यावी, असा त्यांनी आग्रह धरला आणि राय यांना तो मोडवला नाही. ब्योमकेशच्या भूमिकेत उत्तमकुमार होते. वर्षभरापूर्वीच ‘नायक’मध्ये राय यांनी या लोकप्रिय नटाकडून त्याच्याच प्रतिमेची चिकित्सा करवून घेतली होती. आता तोच नट एका रहस्यकथेचा नायक म्हणून समोर होता.

‘दुसऱ्याची योजना, म्हणून चित्रपट दुबळा’ एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. हे स्पष्टीकरण कर्त्याला निर्दोष सोडते. चित्रपट नीट पाहिला तर मात्र ते पुरत नाही. छायाचित्रण सौमेंदु राय यांचे, कलादिग्दर्शन बंशी चंद्रगुप्त यांचे, संकलन दुलाल दत्त यांचे. म्हणजे हात परके नव्हतेच. आरंभीच्या ब्योमकेशच्या खोलीतील दृश्यांत, त्याने पाळलेल्या सापाच्या खोडकर तपशिलात राय यांची नजर ओळखू येते. कथेत एका जुन्या बोलपटातील गाण्याचा धागा आहे. ते गाणे राय यांनी जुन्या वळणाने स्वतः रचले आणि ते इतके अस्सल उतरले की, खरेच जुने वाटावे. वैयक्तिक घटक हवा असेल तर तो येथे मुबलक आहे. तरीही चित्रपट उभा राहत नाही.

कारण रचनेत आहे. मूळ कथेला अजित हा निवेदक आहे. तो ब्योमकेशचा मित्र असून त्याला ब्योमकेशहून कमी कळते. वाचकही त्याच्या अज्ञानाच्या कुंपणात सुखाने बंदिस्त राहतो. कॅमेऱ्याला असे कुंपण नसते. तो गोलाप कॉलनीतील प्रत्येक संशयिताचा चेहरा आपल्यासमोर आणतो आणि त्या चेहऱ्याने काही सांगू नये अशी अपेक्षा धरतो. आता राय यांच्या कलेचे बलस्थान आठवावे. न बोललेले मन नजरेतून, हाताच्या हालचालीतून, एखाद्या वस्तूवर रेंगाळलेल्या कॅमेऱ्यातून उघड करणे, हे ते बलस्थान. ‘चारुलता’मधील (१९६४) दुर्बिणीतून बाहेर पाहणारी स्त्री एक शब्दही न बोलता आपल्याला कळते. ‘खुनी कोण’ या जातीच्या कथेत प्रत्येक पात्राचे मन शेवटापर्यंत झाकून ठेवावे लागते, आणि शेवटी ते उघडते तेही गुप्तहेराच्या लांबलचक भाषणात. या कथाप्रकाराने राय यांच्याकडे नेमकी तीच गोष्ट मागितली, जी त्यांच्या शैलीत बसत नव्हती. अनेक पात्रांची ही वसाहत त्यामुळे माणसांनी न गजबजता मुखवट्यांनी गजबजलेली वाटते.

राय यांना रहस्यकथेचे वावडे होते, असेही नव्हे. १९६५ सालीच ‘संदेश’ मासिकात त्यांनी फेलूदाला जन्म दिला होता. छापील पानावर ज्या प्रकारात ते रमले, तो पडद्यावर त्यांच्या हाती लागला नाही, आणि हे त्यांनी ओळखले. ‘सोनार केल्ला’ ही स्वतःचीच कथा त्यांनी १९७४ साली पडद्यावर आणली, तेव्हा मूळ कथेत उशिरापर्यंत राखलेले गुपित त्यांनी चित्रपटाच्या आरंभीच फोडले. दुष्ट कोण हे प्रेक्षकाला ठाऊक असते. उरते ती राजस्थानच्या वाळवंटातील पाठलागाची, स्वभावांच्या टकरीची आणि विनोदाची मौज. ‘चिडियाखाना’वाचून हा निर्णय झालाच नसता असे ठामपणे म्हणता येणार नाही, परंतु दोन चित्रपट शेजारी ठेवले की, दुसऱ्याची रचना पहिल्याच्या अपयशाचे विवेचन असल्यासारखी वाटते.

येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. १९६७ या वर्षाच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार प्रथमच ठेवण्यात आला, आणि तो राय यांना मिळाला तो ‘चिडियाखाना’साठी. त्याच वर्षी ‘अँटनी फिरंगी’ व ‘चिडियाखाना’ या दोहोंसाठी उत्तमकुमार यांना अभिनयाचा पुरस्कार मिळाला. कर्त्याने ज्या कृतीला नाकारले, तिलाच शासनाने दिग्दर्शनाच्या पहिल्या सन्मानाने गौरविले. येथे ‘अलीबाबा’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. पुरस्कार ‘चिडियाखाना’च्या नावे असला तरी त्याचे वजन ‘पथेर पांचाली’पासूनच्या बारा वर्षांचे होते, असे मानावेसे वाटते. समितीने चित्रपट पाहिला असेलच. पण त्यात तिने कर्ता पाहिला.

४

परके प्रयोजन हे दुबळेपणाचे कारण असेल, तर कर्त्याच्या हाती सर्व सूत्रे असताना चित्रपट सबळ व्हायला हवा. हे अनुमान ‘गणशत्रु’ने (१९८९) खोटे ठरविले. १९८३ साली ‘घरे बाइरे’च्या निर्मितीच्या काळात राय यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर काही वर्षे त्यांना कथापट करता आला नाही, आणि नंतरही डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार बाह्यचित्रण टाळणे भाग पडले. त्यांनी इब्सेनचे ‘अॅन एनिमी ऑफ द पीपल’ (१८८२) निवडले, स्नानगृहाच्या पाण्याऐवजी चंडीपूरच्या मंदिरातील चरणामृत दूषित असल्याची कल्पना योजली आणि जवळजवळ सारा चित्रपट स्टुडिओतील भिंतींआड चित्रित केला. विषय त्यांचा, पटकथा त्यांची, संगीत त्यांचे. तरी चित्रपट बोलका झाला. माणसे बसून वाद घालतात आणि कॅमेरा ऐकत राहतो, अशी टीका झाली, ती निराधार नव्हती.

हा दुबळेपणा आधीच्याहून वेगळ्या जातीचा आहे. तो एका आजारी शरीराचा आहे आणि एका निकडीचाही आहे. इब्सेनचा डॉक्टर शेवटी एकाकी उभा राहतो आणि त्या एकाकीपणातच आपले बळ मानतो. राय यांचा डॉक्टर अशोक गुप्त घराबाहेरून येणाऱ्या तरुणांच्या घोषणा ऐकतो आणि त्याला बळ येते. नाट्यदृष्ट्या हा शेवट सोपा आहे. पण धर्मश्रद्धेच्या राजकारणाला ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जे उधाण येत होते, ते पाहता एका वृद्ध, उदारमतवादी कलावंताने संयम सोडून सरळ बोलावे, हे समजण्यासारखे आहे. चित्रपट दुबळा आहे असे म्हणतानाच तो आवश्यक होता असेही म्हणता येते. अशा वेळी गुणांची एकच उतरंड लावणारी समीक्षा अपुरी पडते.

५

कर्त्याचे स्वामित्व आणि कृतीचे बळ यांचा संबंध मराठी वाचकाला आणखी एका उदाहरणातून तपासता येईल, आणि ते अधिक अवघड आहे. राय यांनी कितीही सूत्रे हाती घेतली तरी स्वतःच्या स्टुडिओचे मालक ते नव्हते. व्ही. शांताराम आधी भागीदार आणि मग मालक झाले. ‘प्रभात’ची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली ती दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी. ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ (१९४१) हे शांताराम यांच्या कीर्तीचे आधारस्तंभ या संस्थेतले आहेत. १९४२ साली त्यांनी ‘प्रभात’ सोडली आणि मुंबईत ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. तेथे निर्माता, दिग्दर्शक आणि कित्येकदा नायकही तेच होते. ‘ऑतर’ सिद्धांताचे गणित खरे असते, तर ‘राजकमल’चा शांताराम हा ‘प्रभात’च्या शांतारामाहून मोठा ठरायला हवा होता.

‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६), ‘अमर भूपाळी’ (१९५१) आणि विशेषतः ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) यांमुळे उलट निष्कर्षही सरसकट काढता येत नाही. परंतु एका तुलनेपुरते थांबू. ‘राजकमल’चा पहिला चित्रपट ‘शकुंतला’ (१९४३). त्यात चंद्रमोहन दुष्यंत होते. अठरा वर्षांनी शांताराम यांनी हीच कथा ‘स्त्री’ (१९६१) या नावाने रंगीत पडद्यावर पुन्हा आणली आणि या वेळी दुष्यंत स्वतः शांताराम झाले. एकाच दिग्दर्शकाने एकच कथा दोनदा सांगण्याचा योग दुर्मीळ असतो. दुसऱ्या खेपेस रंग, नृत्य आणि भव्यता वाढली. संध्या यांच्याभोवती रचलेली दृश्ये एकामागून एक येत राहिली. ती थांबवून ‘कथेला याची गरज आहे का?’ असे विचारणारा आवाज चित्रपटात कुठे जाणवत नाही. ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’पर्यंत (१९७१) ही वाट अधिकच रुंदावली. या चित्रपटांत शांताराम कमी नाहीत. ते फार आहेत.

‘कुंकू’ आठवला की फरक कळतो. ना. ह. आपटे यांची कथा, केशवराव भोळे यांचे संगीत, शांता आपटे यांची धगधगती नीरा आणि केशवराव दाते यांनी उभा केलेला, खलपुरुष न होणारा म्हातारा नवरा. भिंतीवरील घड्याळाची टिकटिक जिथे पार्श्वसंगीताचे काम करते असा तो संयम एकट्याचा असू शकत नाही. ध्वनीची जाण असलेले दामले, नेपथ्याची जाण असलेले फत्तेलाल हे समान हक्काचे भागीदार होते. दोघांनी आदल्याच वर्षी ‘संत तुकाराम’ (१९३६) दिग्दर्शित केला होता. शांताराम यांच्या नाट्यमय, वेधक दृश्यांची ओढ या वातावरणात कुणाच्या तरी कसोटीला उतरूनच पडद्यावर येत असणार. मालकी आली आणि ही कसोटी गेली. उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. शांताराम गेल्यावर ‘प्रभात’चीही पूर्वीची उंची राहिली नाही, आणि १९५३च्या सुमारास ती संस्था बंद पडली. कर्तृत्व एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला नव्हते; ते त्या परस्परांना रोखणाऱ्या, टोकणाऱ्या सहवासात होते.

६

बाझांच्या प्रश्नाकडे आता परत जाता येईल. कर्ता कशाचा? यशस्वी चित्रपटात हा प्रश्न पडत नाही, कारण यशस्वी कृती आपले सांधे लपविते. लेखक, नट, कथाप्रकार, भांडवल, भागीदारांचे मतभेद, दिग्दर्शकाची प्रकृती हे सारे तिच्यात एकजीव होते, आणि त्या एकजीवपणाला आपण सोयीसाठी एक नाव देतो. दुबळ्या चित्रपटात सांधे उघडे पडतात. ‘चिडियाखाना’त कथाप्रकार आणि शैली यांच्यातला, ‘गणशत्रु’त आशय आणि शरीर यांच्यातला, ‘स्त्री’मध्ये दिग्दर्शक आणि त्याला कुणीच न अडविण्याची मुभा यांच्यातला सांधा दिसतो. इतिहासकाराला अशाच जागा हव्या असतात, कारण चित्रपट कसा घडतो हे तिथे वाचता येते.

याचा अर्थ दुबळ्याला सबळ म्हणावे असा नाही. त्र्यूफोने तिसऱ्यांदा पाहून हरखून जाणे ही एका प्रेमिकाची कबुली होती. तिचा नियम करता येत नाही. ‘स्त्री’ फसलेला आहे, हे म्हणण्याचे धैर्य समीक्षेत असलेच पाहिजे, एरवी ‘कुंकू’ची थोरवी सांगणारे आपले शब्द पोकळ ठरतात. मात्र असे म्हटल्यावर तिथेच थांबण्याचा हक्क समीक्षकाला नाही. यादीतून वगळणे आणि नावासाठी माफ करणे या दोन्ही सवयींत चित्रपट न पाहण्याचीच सोय आहे.

मराठी चित्रपटाचा इतिहास आजवर बहुतांशी थोर नावांच्या आणि थोर कृतींच्या आधारे सांगितला गेला. त्या इतिहासात ‘राजकमल’चा उत्तरकाळ काही ओळींत आटोपतो आणि ‘प्रभात’मधील भागीदारांचा वाटा ‘इतर’ या सदरात जातो. या दोन उणिवा एकाच समजुतीतून आल्या आहेत. शांताराम यांच्या फसलेल्या चित्रपटांचा नीट अभ्यास झाला, तर त्यातून दामले आणि फत्तेलाल यांच्या कर्तृत्वाचे माप हाती येईल. जे तिथे नाही, ते पूर्वी कुणामुळे होते, हे मग विचारावेच लागेल.